चापातला गंज

हेमलॉक रोड, हँकॉकजवळ, मिशिगन
२७ सप्टेंबर

प्रिय आर्विड,

तुम्हाला फोन करून उपयोग नाही, असं तुमच्या लोरेननं सांगितलं. म्हणाली, "बाबा फोनवर नुसते हो हो करतात आणि ठेवल्यावर मला विचारतात, कोण होतं?" म्हणून पत्र लिहितेय. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून ऐकू येत नाही, एवढं तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं.

ऑगस्टमध्ये जाताना तुम्ही तुमचा क्रॉसबो माझ्या व्हरांड्यात ठेवून गेलात. तेव्हा मला वाटलं होतं, ओनी आणि तुम्ही मिळून केलेल्या शिकारींची आठवण म्हणून भिंतीवर टांगीन. पण एप्रिलमध्ये ओनी गेल्यापासून फ्रीझर रिकामा आहे. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत आमच्या घरात हरणाच्या मांसाशिवाय हिवाळा काढलेला नाही. दुकानातलं मांस मला साबणासारखं लागतं. तेव्हा यंदा मीच जाणार. खांद्याच्या ऑपरेशननंतर साधं धनुष्य ओढवत नाही, बंदुकीचा धक्का सोसवत नाही. तुमच्या क्रॉसबोची दोरी हँडल फिरवून चढते आणि बंदुकीसारखा चाप ओढला की बाण सुटतो, ते मला जमतं. मागच्या अंगणात फोमच्या ठोकळ्यावर रोज सराव करते. आता बाण जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसतात.

क्रेगला सांगितलं तर तो हसत सुटला. "आई, उंदराचा सापळा लावतानासुद्धा तू डोळे मिटतेस!" मी म्हटलं, सापळा माझ्या बोटावर बसतो, हरीण बसत नाही.

विचारायचं ते असं. इथं आठवडाभर झिमझिम चालू आहे. एक तारखेला सीझन सुरू होईल तेव्हाही पाऊसच असणार. धनुष्य भिजलं की काय करायचं? दोरी, दांडा पुसून घेईन, पण चापाच्या आत पाणी गेलं तर? गॅरेजमध्ये तो फवारा आहे, बिजागरीपासून ट्रॅक्टरपर्यंत आपण सगळ्यावर मारतो तो. मारू का?

तिकडे कसं आहे? उन्हात बसून माणूस सुकतो का?

तुमची शेजारीण,
व्हर्ना


ट्यूसॉन, अॅरिझोना
३ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

तो फवारा हातात घेऊ नकोस. गॅरेजच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेव आणि शिडी माझ्या अंगणात टाकून ये.

त्या फवाऱ्यानं पहिल्या दिवशी सगळं लोण्यासारखं चालतं. पण चापात कारखान्यातून भरलेलं ग्रीस असतं, ते धुऊन जातं. मागे राहतो तो चिकटा. त्यावर धूळ बसते, थंडीत तो घट्ट होतो आणि मग चाप ओढलास तरी आतला आकडा दोरी सोडत नाही. किंवा त्याच्या मनाला येईल तेव्हा सोडतो, ते जास्त वाईट.

पावसातून आलीस की आधी ठोकळ्यावर एक बाण सोडून दोरी उतरव. चढवलेलं धनुष्य घरात आणायचं नाही आणि बाण लावल्याशिवाय चाप ओढायचा नाही. रिकामी दोरी सुटली की हातच फुटतात. धनुष्याचे म्हणतोय, तुझेही फुटतील. मग जुना टॉवेल घे आणि सगळं पुसून काढ. चापाचं खोकं उघडू नकोस. ओनीनं एकदा स्वतःचं उघडलं होतं. एक स्प्रिंग उडून चुलीमागे गेली, ती अजून तिथंच असेल. धनुष्य उलटं धरून झटक, म्हणजे आतलं पाणी गळेल. केस वाळवायचं तुझं मशीन गार हवेवर लाव आणि दोरी अडकते त्या खाचेत, चापाच्या फटीत, सेफ्टीच्या खटक्याखाली वारा घाल. गार हवा. गरम नाही.

कोरडं झालं की शिलाई मशीनचं तेल घे. पातळ असतं ते. टाचणीच्या टोकावर एक थेंब घेऊन आतल्या आकड्याला लाव, खटका मागंपुढं कर आणि जास्तीचं पुसून टाक. तेल दिसता कामा नये. दिसलं म्हणजे जास्त झालं.

पिशवीत घालून बंद करू नकोस. पिशवीतली ओल रात्रभर लोखंड खाते. सॉनात टांगून ठेव. मी कायम तिथंच ठेवायचो.

इथं उत्तम चाललंय. पोहायचा तलाव आहे, पत्ते खेळायला माणसं आहेत. लोरेन जवळच राहते. अंगणात खिळा टाकला तर वर्षभर चकाकत राहतो. तुला हसू येईल, पण मला पावसाचा वास आठवत नाही.

मचाणावर चढताना पट्टा बांध. क्रेगच्या हसण्याकडे लक्ष देऊ नकोस. सोळाव्या वर्षी तो माझ्या मचाणावर झोपून खाली पडला होता. विचार त्याला.

आर्विड


हेमलॉक रोड
११ ऑक्टोबर

प्रिय आर्विड,

तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा भिजले. ओनीच्या सीडरच्या झाडावरच्या जुन्या मचाणावर बसते, जिथून ओढा दिसतो. परवा एक मादी दोन पिल्लांसह आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी धनुष्य उचललंच नाही. मी हललेच नाही म्हटलं तर जास्त खरं होईल. हात सुन्न झाले होते आणि तिच्या पापण्यांवर पाण्याचे थेंब दिसत होते.

तुमचं सगळं तंतोतंत करते. बाण सोडते, पुसते, झटकते, गार हवा घालते, टाचणीनं तेल लावते. शिलाई मशीन आईचं होतं. त्याच्या तेलाची बाटली अजून अर्धी भरलेली निघाली. मग सॉनात टांगते. शिकारीहून आल्यावर मी सॉना तापवतेच, नाहीतर हाडं ऐकत नाहीत. वाफेत अंग शेकून झालं की धनुष्य वरच्या बाकाच्या खुंटीला लावते आणि दार ओढून घेते. दगड सकाळपर्यंत कोमट असतात. ओनीचे बूटसुद्धा तिथं छान वाळायचे. सकाळी हात लावला की धनुष्य उबदार लागतं, पाळलेल्या जनावरासारखं.

क्रेग दर शनिवारी ग्रीन बेहून गाडी चालवत येतो. गटारं साफ करतो, पंप बघतो आणि जाताना सांगतो की त्यांच्या घराजवळ एक छान फ्लॅट रिकामा आहे. मी कॉफी ओतते. तुमच्या मचाणावरून पडल्याचं विचारलं, तर म्हणाला, "फांदी तुटली होती." मग कान लाल झाले.

तुमच्या घरासमोर दोनदा लाल ट्रक उभा दिसला. एक तरुण माणूस खिडक्या मोजत होता. विम्याचा आहे का? मी त्याला हटकणार होते, पण हातात क्रॉसबो होता आणि मला बघून तो स्वतःच गाडीत बसला.

तुमची,
व्हर्ना


ट्यूसॉन
१७ ऑक्टोबर

व्हर्ना,

तुझं पत्र आत्ता आलं. हे लगेच टाकतोय, लोरेन पोस्टात नेतेय.

सॉनातून धनुष्य काढ. आत्ता. हे वाचता वाचता ऊठ.

मी सॉना म्हणतो तेव्हा बाहेरची कपडे बदलायची खोली म्हणतो. माझी ती खोली बर्फासारखी असते, वारा आरपार जातो. धनुष्य बाकावर, वाफेत टांगायचं असतं असं डोक्यात तरी कसं आलं तुझ्या! तू दगडांवर पाणी ओततेस. खोली रात्रभर ओली राहते. थंड लोखंड तिथं नेलंस की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला येतो तसा घाम त्याला आतून बाहेरून येतो. जिथं तुझा टॉवेल पोचत नाही तिथंसुद्धा. तू त्याला पावसापासून वाचवतेस आणि रोज रात्री वाफ पाजतेस.

ते वापरू नकोस. खटका दाबून बघ, करकरतो का, घट्ट लागतो का. मग हँकॉकला त्या बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे दे. तो उघडेल. तू उघडू नकोस.

आर्विड


हेमलॉक रोड
२२ ऑक्टोबर

प्रिय आर्विड,

सगळं ठीक आहे. शिकार यंदापुरती पुरे केली. थंडी वाढली आहे. क्रेग इथं दोन दिवस राहतोय.

तुमच्या घरासमोरच्या ट्रकबद्दल तुमचं अजून काही उत्तर आलं नाही.

व्हर्ना


ग्रीन बे, विस्कॉन्सिन
२३ ऑक्टोबर

आर्विडकाका,

हे पत्र मी लिहितोय हे आईला माहीत नाही. ती तुम्हाला काहीच सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

शनिवारी दुपारी मी पोचलो तेव्हा आई जंगलातून येत होती. धनुष्य चढवलेलं, बाण लावलेला. मी म्हटलं, "आई, दे इकडे." ती म्हणाली, "थांब, हे अडकलंय, सुटत नाहीये. खाली ठेवू दे." आणि तिनं ते माझ्या ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवलं. ठेवताक्षणी सुटलं. चापाला कुणाचं बोट नव्हतं.

बाण माझ्या कोटाच्या बाहीतून गेला आणि सॉनाच्या दाराच्या लाकडात पिसापर्यंत शिरला. हाताला ओरखडा आला, टाके पडले नाहीत. एक वीत अलीकडे असतो तर हे पत्र माझ्या बायकोनं लिहिलं असतं. आई जमिनीवर बसली आणि माझी फाटकी बाही धरून ठेवली. मी तिला असं बाबा गेले तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

मला एकच विचारायचंय. सहासष्ट वर्षांच्या, खांदा शिवलेल्या, एकट्या बाईला तुम्ही हे यंत्र कशाला दिलंत? स्वतःचं घर विकून तुम्ही उन्हात जाऊन बसलात. हो, लाल ट्रकवाल्याशी मी बोललो. जानेवारीपासून तो तिथं राहणार आहे. आईला तेवढंसुद्धा सांगितलं नाहीत. ती अजून तुमच्या घराच्या पाण्याच्या नळ्या गोठू नयेत म्हणून जाऊन बघते.

ते धनुष्य मी तळ्यात टाकणार होतो. आईनं टाकू दिलं नाही. पण थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर ती माझ्याकडे येतेय. तिनं हो म्हटलंय.

क्रेग हेक्किला


ट्यूसॉन
२८ ऑक्टोबर

क्रेग,

पत्र मिळालं. तू कडक लिहिलंस ते बरोबर केलंस.

चूक माझी आहे. दिलं तेव्हाच त्या चापात गंज होता. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळी सीझननंतर मी तो नीट पुसला नव्हता. डोळे अधू झालेत, जवळचं दिसत नाही, तरी तपासून न घेता तसंच देऊन आलो. तुझ्या आईनं मी सांगितलं ते सगळं नीट केलं. तिच्याइतकी काळजी घेणारं माणूस शोधून सापडायचं नाही. एका म्हाताऱ्याच्या ढिसाळपणापायी तिला तिच्या घरातून उठवू नकोस.

हात बरा झाला का ते कळव.

आर्विड सालो


ट्यूसॉन
२८ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

क्रेगनं कळवलं. तुझं चार ओळींचं पत्र आलं तेव्हाच कळलं होतं की काहीतरी झालंय. नुसत्या कॉफीबद्दल तू दोन पानं लिहितेस.

त्याला उत्तर पाठवलंय. त्यात काय आहे ते तू विचारू नकोस.

घराचं खरं आहे. सप्टेंबरमध्येच विकलं. लिहायला बसलो की हात थांबायचा. लोरेननं सगळं उरकलं. मी फक्त सही केली, तीही तिनं बोट ठेवलं तिथं. डॉक्टर म्हणतो, तिकडच्या थंडीत फुप्फुसं टिकणार नाहीत. मी म्हटलं, टिकली नाहीत तर नाही. तो लोरेनकडे बघून हसला. इथं सगळे माझ्या वतीनं एकमेकांकडे बघून हसतात.

पत्ते खेळायला माणसं आहेत हे खोटं नाही. पण ती बोलतात ते मला ऐकू येत नाही आणि मी बोलतो त्यातलं त्यांना काही कळत नाही. हरणाची शिकार म्हटलं की त्यांना वाटतं मी कुठल्या सिनेमाबद्दल सांगतोय.

नळ्या बघायला जाऊ नकोस. बर्फात घसरशील. आता ते त्या पोराचं काम.

आर्विड


हेमलॉक रोड
५ नोव्हेंबर

आर्विड,

आज तुमच्यावर रागावले आहे. ओनीवर रागवायचे तशी. तेव्हा खुर्ची ओढून नीट बसा.

काल क्रेग आला तो दारातच पत्र फडकवत. "वाच. म्हातारा कबूल झाला. मी म्हटलं नव्हतं?" मी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. दोन वर्षांपूर्वीचा पावसाळी सीझन! दोन वर्षांपूर्वी ओनी आणि तुम्ही घाम पुसत टी-शर्टवर शिकार करत होतात आणि हरणं रागावून कॅनडात गेलीत म्हणत होतात. मी सँडविच पोचवायला येत होते, आठवतं? ऑगस्टमध्ये तुम्ही मला धनुष्य दाखवलंत तेव्हा तुमच्या हातात खटका असा वाजला होता जसा बॉलपेनचा वाजतो. त्यात गंजाचा कण नव्हता.

माझं खोटं तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलंत. तसं ते खोटंही नव्हतं, मी गप्प होते एवढंच. क्रेग तुम्हाला बोलत होता आणि मी कॉफी ओतत होते. पण तेवढं पुरतं.

मी पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "क्रेग, हे खरं नाही. धनुष्य मी वाफेत टांगलं होतं. सात-आठ रात्री. आर्विडनं कळवलं होतं की काढ म्हणून, ते पत्र सोमवारी पोचलं, तुला बाण लागून गेल्यानंतर."

त्यानं विचारलं, "वाफेत? सॉनात?"

"हो."

"बाकावर?"

"वरच्या बाकावर."

मला वाटलं ओरडेल. तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मग मचाणावर काय झालं ते सांग. सगळं."

म्हणून त्याला सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगते. नर आला होता. मोठा नव्हता, पण नर होता. ओढ्यापलीकडून येऊन आडवा उभा राहिला. मी खटका सरकवला, तो करकरला. चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला, सगळी बोटं लावून. काही नाही. खटका मागं घ्यायला गेले तर तोही हलेना. नर शेपटी वर करून निघून गेला. मला त्याचं दुःख नव्हतं. माझ्या मांडीवर एक जिवंत वस्तू बसली होती आणि तिचा काही भरवसा नव्हता. बाण काढून घ्यायचं सुचलंच नाही. दोरीनं धनुष्य खाली सोडायचं असतं तेही विसरले, हातात धरूनच उतरले. पूर्ण वाटभर टोक जमिनीकडे धरलं होतं. फक्त ट्रकवर ठेवताना आडवं झालं. तेवढ्यात.

क्रेग म्हणाला, "आई, मला धनुष्याची भीती नाही वाटत."

"मग कशाची?"

"एप्रिलमध्ये तू फोन केलास तेव्हा मी गाडी धूत होतो. तू म्हणालीस, बाबा सीडर तोडायला गेले होते, जेवायला आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. तेवढंच म्हणालीस. मी पाण्याचा पाइप हातात धरून उभा होतो आणि पाणी वाहत होतं. मला तो फोन पुन्हा घ्यायचा नाही. आणि दुसऱ्या वेळी तो करायला तूसुद्धा नसशील. कुणी परकाच करेल."

आर्विड, इतके महिने तो फ्लॅट फ्लॅट करत होता आणि हे एकदाही बोलला नव्हता. मीही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, त्याला माझी अडचण होते.

मी म्हटलं, "तुझ्या फ्लॅटमध्ये मी दोन वर्षं जास्त जगेन, कबूल. पण खिडकीतून पार्किंग बघत जगेन."

"तळमजल्याचा आहे. झाडं आहेत."

"किती?"

त्याला हसू आलं. "एक," म्हणाला. "आणि तेही काठीला बांधलेलं."

आज सकाळी आम्ही दोघं धनुष्य घेऊन हँकॉकला गेलो. तुम्ही म्हणता तो दुरुस्तीवाला रविवारीही उघडा असतो, सीझन आहे. त्यानं खोकं उघडून माझ्यासमोर कागदावर झटकलं. दळलेल्या कॉफीसारखी पूड पडली. म्हणाला, आकड्याची धार गंजानं खाल्ली होती. मी चाप जोरात ओढला तेव्हा तो अर्धा सुटला आणि केसाएवढ्या काठावर अडकून राहिला, म्हणून धक्का बसताच गेला. सगळा भागच बदलणार आहे. क्रेगनं ती पूड बोटानं चाचपून पाहिली आणि बाहीच्या भोकाकडे पाहिलं.

परत येताना आमचं ठरलं. हिवाळाभर मी इथंच. जंगलात जायच्या आधी आणि आल्यावर त्याला कळवायचं. एकटीनं मचाणावर नाही, तो शनिवारी आला की जायचं. पुढचं उन्हाळ्यात बोलू. मला हे सगळं पसंत आहे असं नाही, पण त्यालाही नाही.

आणि पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलायचं असेल तर निदान ज्या वर्षी पाऊस पडला ते वर्ष निवडा.

नळ्या बघायला जाणं बंद केलं. तरी खिडकीतून तुमच्या चिमणीकडे बघते. धूर नाही हे अजून डोळ्यांना पटत नाही.

व्हर्ना


ट्यूसॉन
११ नोव्हेंबर

प्रिय व्हर्ना,

बसून वाचलं. ऐकून घेतलं.

तू क्रेगला सांगितलंस ते चांगलं झालं. मी तसं करायला नको होतं. मला वाटलं, माझं तिकडे काही उरलेलं नाही, तेव्हा दोष तरी तिथं माझ्या नावावर राहिला तर बिघडत नाही. आणि 'सॉनात टांग' एवढंच लिहिणाऱ्यानं सगळा दोष तुझ्यावर टाकणंही बरोबर नाही. मी चाळीस वर्षं त्या खोलीला सॉना म्हणत आलो आणि माझ्याशी बोलणाऱ्या सगळ्यांना मी काय म्हणतो ते कळायचं. ते सगळे एकतर ओनी होते किंवा मेलेत.

आता ऐक. नवा चाप बसवून आला की आधी ठोकळ्यावर पुरेसे बाण मार, घाई करू नकोस. दर वेळी खटका बोटाला कसा लागतो ते लक्षात ठेव. जंगलात निघण्याआधी एक बाण मारून बघ. खटका कालच्यापेक्षा वेगळा लागला तर त्या दिवशी घरी बसायचं, बाहेर कितीही मोठा नर उभा असला तरी. मचाणावर चाप अडकला तर पहिलं काम म्हणजे बाण काढून घेणं. मग टोक मातीकडे धर आणि क्रेगला हाक मार. दोरीला बांधून धनुष्य वर घे, दोरीनंच खाली सोड.

पंधरा तारखेपासून बंदुकीवाले जंगलात असतील, तेव्हा दोघांनी नारिंगी जाकीट घाला. तुझं ते तपकिरी पाहून मीच गोळी घातली असती.

रात्री धनुष्य थंडीतच राहू दे. बाहेरच्या खोलीत, वाऱ्याला. घरात आणायचंच असेल तर पुसायला आण आणि पुन्हा घाम आला तर पुन्हा पूस.

आर्विड


ग्रीन बे
२६ नोव्हेंबर

आर्विडकाका,

आई लिहिणारच आहे, पण ती फ्रीझरची बेगमी करतेय. तिला वेळ लागेल, आणि काही गोष्टी ती गाळणार. म्हणून मी.

काल शनिवारी गेलो. सकाळपासून पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. निघण्याआधी आईनं ठोकळ्यावर बाण मारला, खटका दोनदा पुढंमागं केला आणि म्हणाली, "लागतोय तसाच." मी विचारलं, "कसा?" तर म्हणाली, "जसा लागायला हवा तसा. बोलू नकोस." दोघांनी नारिंगी घातलं होतं. ती बाबांच्या मचाणावर बसली, मी खाली बुंध्याला टेकून बसलो. मला वाटलं होतं, तासाभरात थंडीनं कंटाळेल. मीच कंटाळलो. पाय बधिर झाले, उठून नाचावंसं वाटत होतं, आणि वर ती पुतळ्यासारखी.

दुपार उलटल्यावर नर आला. छोटा, दोनच टोकांची शिंगं. तो ओढ्याकाठी थांबला. मला वरून खटक्याचा आवाज आला, एवढासा. मग बराच वेळ काही नाही. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा अडकला. मान वर करून बघायचीही भीती वाटत होती. मग दोरी सुटली. नर उडी मारून पळाला आणि सीडरांत शिरला.

मी वर पाहिलं. मी ओरडणारच होतो, पण ती म्हणाली, "थांब. त्याला शांतपणे पडू दे." नंतर सांगितलं की उशीर चापामुळे नव्हता. नर तिरका उभा होता, आडवा होईपर्यंत ती थांबली होती. बाबा असे थांबायचे, मला कधी जमलं नाही.

धनुष्य दोरीनं खाली सोडलं, मग ती उतरली. आम्ही रक्ताच्या मागानं गेलो. फार लांब गेला नव्हता. आई त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली, मोजा काढला आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. पावसात त्याच्या अंगातून वाफ येत होती. ती रडत होती, आवाज न करता. मग म्हणाली, "ओनी, भरला रे फ्रीझर." मला वाटतं, मी शेजारी आहे हे ती विसरली होती. मी थोडा मागं जाऊन उभा राहिलो. बाबांना सीडरखाली जिथं तिनं पाहिलं होतं ती जागा तिथून लांब नाही. ती सगळ्या सीझनभर त्या जागेकडे तोंड करून बसत होती हे मला काल कळलं.

मी तिला ग्रीन बेला न्यायचं म्हणत होतो ते अजून पूर्ण सोडलेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण यंदा मागं लागणार नाही.

तुम्हाला मी ऑक्टोबरमध्ये जे लिहिलं त्यातलं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं लिहायला नको होतं. तुमच्या घरात येणारं जोडपं बरं आहे. त्यांना लहान बाळ आहे. आई त्यांना सॉना कसा तापवायचा ते शिकवायला जाणार आहे. मी म्हटलं, आधी कुठली खोली ते नीट सांग.

आता कामाचं. काल आई शेकायला गेली आणि तिथून येऊन आरामखुर्चीत झोपली. म्हणून धनुष्य मी साफ केलं. पुसलं, झटकलं, गार हवा घातली, तुमचं पत्र समोर ठेवून. बाहेरच्या खोलीत टांगलं, खिडकी उघडी ठेवली. तेल मात्र मी दोन थेंब घातलं. एकानं काही झाल्यासारखं वाटेना. आई उठल्यावर म्हणाली, एकच घालायचा असतो, दिसता कामा नये. मी म्हटलं, दिसत नाहीये. तिनं कापूस फिरवून त्यावरचं तेल मला दाखवलं.

तर दोन चालतात का? आणि आता पुढच्या सीझनपर्यंत चापात थेंब घालून ठेवायचा की कोरडा ठेवायचा? शनिवारी मी पुन्हा जातोय, तोवर कळवा. उत्तर मलाच पाठवा, आईला नको, नाहीतर ती जिंकली म्हणेल.

क्रेग